कीव, परिदेवन आणि उदास : दुःखाच्या शब्दांचा थोडा इतिहास



संवत्सरी जवळ आली की मी मनातल्या मनात एक यादी करते. वर्षभरात आपण कोणाला काय बोललो, कोणाचं मन दुखावलं. सगळ्यांना एकच ‘मिच्छामि दुक्कडं’ मोबाइलवर पाठवून दिलं की काम झालं असं वाटतं खरं, पण एक-दोन नावं अशी असतात की तिथे मेसेज पुरत नाही. यंदा माझ्या यादीत पहिलं नाव दौंडच्या भाभींचं होतं.

मागच्या चातुर्मासात भाभी शिरूरला लेकीकडे राहायला आल्या होत्या. भाईंना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. दुपारी स्थानकात सामायिक झाल्यावर आम्ही सात-आठ जणी तशाच बसून राहिलो आणि भाभी बोलायला लागल्या. शेवटचे दिवस, दवाखाना, दुकानाची किल्ली अजून त्यांच्याच उशाशी असते, असं बरंच काही. मग म्हणाल्या, “ओळी केल्या, वर्षीतप केलं, एक पर्युषण चुकवलं नाही. मग माझ्याच वाट्याला हे का?” आणि मी, मोठी जाणती असल्यासारखी, म्हणाले, “भाभी, हे आर्तध्यान झालं. असं बोलून अजून असाता बांधू नका.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. भाभींनी मुहपत्तीची घडी केली, पिशवीत ठेवली आणि उठल्या. त्यानंतर वर्षभर मी फोन केला की एकच उत्तर, “साता आहे.” भाईंचं नाव पुन्हा त्यांनी माझ्याजवळ काढलं नाही.

शास्त्रातला शब्द मी बरोबर वापरला होता की नाही, हे मला तपासून बघायचं होतं. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात मी तत्त्वार्थसूत्र, त्यावरची टीका आणि मराठी शब्दकोश घेऊन बसले. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवते.

आधी आपल्या घरातल्या शब्दांपासून सुरुवात करू. दुःखाच्या बारीक-सारीक छटांना मराठीत किती शब्द आहेत बघा. दुसऱ्याचं नुकसान बघून होते ती हळहळ. थोडक्यात हुकलेल्या गोष्टीची लागते ती चुटपुट. करायचं राहून गेलेल्या कामाची राहते ती रुखरुख. कारण सांगता येत नाही अशी असते ती हुरहुर. मनाला कायमची लागून राहते ती खंत. लेकीला सासरी पाठवताना येतो तो गहिवर. रात्री अंथरुणात येतो तो कढ. एका शब्दाच्या जागी दुसरा घातला तर आपल्या आजीनं लगेच टोकलं असतं.

पण स्वतःलाच ‘मी बिचारी’ म्हणत बसणं, याला रोजच्या बोलण्यात सुटा असा शब्द नाही. ‘आत्मकरुणा’ हा पुस्तकी शब्द आहे, स्वयंपाकघरात कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, “तिचं रडगाणं सुरू झालं.” म्हणजे जो शब्द आहे तो रडणारीचा नाही, ऐकून कंटाळलेल्या माणसाचा आहे. ही गोष्ट मला आधी कधी जाणवली नव्हती. रडगाणं हे नेहमी दुसरीचं असतं. आपलं असतं ते दुःख.

आता ‘बिचारी’ हाच शब्द घ्या. तो फारसीतून आला. मूळ ‘बेचारा’, म्हणजे ज्याच्याजवळ चारा नाही तो. हा गुरांचा चारा नव्हे. फारसीत चारा म्हणजे उपाय, इलाज. ‘लाचार’ शब्दातही तोच चारा आहे, पण आपल्याकडे येता येता त्याला मिंधेपणाचा वास लागला. ‘गरीब’ अरबीतला, तिथे त्याचा अर्थ परका, परदेशी. घर सोडून परमुलखात आलेला माणूस तो गरीब. आपले वाडवडील लोटा-दोरी घेऊन मारवाडातून इकडे आले तेव्हा ते या मूळ अर्थानं गरीबच होते. ‘दिलगिरी’ म्हणजे दिल पकडलं जाणं, काळजाला चिमटा बसणं. आज तो शब्द फक्त ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या पाटीवर उरला आहे.

हे शब्द इथे कसे रुजले, ते आपल्या भागाचा इतिहास सांगतो. बहमनी आणि मग अहमदनगरची निजामशाही, अशी कित्येक शतकं या मुलखाचा सरकारी कारभार फारसी वळणाचा होता. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. दरबारातले शब्द बदलता आले. पण बाई शेजारणीला ‘बिचारी’ म्हणते ते कोणाला बदलता आलं नाही, ते आजपर्यंत चालू आहे.

दुसरा शब्द ‘कीव’. हा आपल्याच घरातला आहे. संस्कृत ‘कृपा’, प्राकृतात झाली ‘किवा’ आणि मराठीत आली ‘कीव’. म्हणजे कृपा आणि कीव या सख्ख्या बहिणी. एक शिकून-सवरून देवळात, प्रवचनात गेली. दुसरी प्राकृताच्या वाटेनं चालत घरात आली. गुरूंची होते ती कृपा आणि भिकाऱ्याची येते ती कीव. कृपा हवीहवीशी वाटते, कीव कोणी केली तर राग येतो. ‘कृपण’ शब्द याच कुळातला. आज आपण कंजूष माणसाला कृपण म्हणतो, पण जुना अर्थ दीनवाणा, कीव यावी असा. संस्कृतातला हा ‘कृप्’ धातू एकीकडे दया दाखवतो आणि दुसरीकडे शोक करतो. रडणारा आणि दया करणारा यांच्यासाठी भाषेनं एकच मूळ ठेवलं आहे.

‘शोक’ शब्दानं तर मला चकित केलं. तो ‘शुच्’ धातूपासून येतो. त्याचा अर्थ जळणं, झळाळणं. याच धातूपासून ‘शुचि’ म्हणजे स्वच्छ, आणि त्यावरून दशलक्षण धर्मातला ‘शौच’. सोनं आगीत घातलं की आधी तापतं आणि मग मळ जाऊन लखलखतं, तसंच काहीसं हे दिसतं. ‘विषाद’चंही तसंच. ‘सद्’ म्हणजे बसणं. मन खाली बसलं, खचलं की विषाद. पाण्यातला गाळ खाली बसून पाणी नितळ झालं की तो प्रसाद, आणि तसं नितळ मन म्हणजे प्रसन्न. विषण्ण आणि प्रसन्न, धातू एकच. खचलेल्या मनाला आणि निवळलेल्या मनाला भाषेनं फार लांब ठेवलेलं नाही.

आता आपल्या धर्माच्या शब्दांकडे येऊ.

आपण साधु-साध्वींना ‘सुखसाता आहे ना?’ विचारतो. ही साता कर्मसिद्धांतातली. आठ कर्मांपैकी वेदनीय कर्माचे दोन भाग : साता-वेदनीय आणि असाता-वेदनीय. ज्याच्या उदयानं सुखाचा अनुभव येतो ते पहिलं, दुःखाचा येतो ते दुसरं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असाता कशानं बांधली जाते, याची सहा कारणं दिली आहेत : दुःख, शोक, ताप, आक्रंदन, वध आणि परिदेवन. हे सहाही स्वतःला दिलेलं असो, दुसऱ्याला दिलेलं असो की दोघांना असो.

हे सूत्र आपण पाठ करतो आणि पुढे जातो. पण त्या सहांत चार-पाच शब्द दुःखाचेच का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी ही टीका लिहिली, त्यात एकेक शब्द वेगळा करून दाखवला आहे. आपला आधार असलेलं माणूस तुटलं की मनाला जी विकलता येते तो शोक. लोकांनी नावं ठेवली, बोल लावला, त्यानं मन आतून जळतं तो ताप. मन पोळून डोळ्यांतून पाणी वाहतं, मोठ्यानं रडू फुटतं ते आक्रंदन. आणि गेलेल्याचे गुण आठवून, सांगून सांगून, ऐकणाऱ्याला दया यावी, आपल्यावर अनुग्रह व्हावा अशा इच्छेनं केलेला विलाप ते परिदेवन.

बघा, मराठीत सापडला नाही तो शब्द इथे आहे. कीव यावी म्हणून केलेलं रडणं. स्थानांग सूत्रातही आर्तध्यानाची चार लक्षणं सांगितली आहेत, त्यांत शोक करणं आणि आसवं ढाळणं यांपासून परिदेवन वेगळं मोजलं आहे. म्हणजे आपल्या आचार्यांनी रडण्याचे प्रकार पाडले. माणूस गेलं म्हणून रडणं एक आणि ‘माझ्याकडे बघा’ म्हणून रडणं दुसरं.

इथपर्यंत वाचलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. वाटलं, आपण भाभींना बोललो ते शास्त्राला धरूनच होतं. पण पुढे वाचलं आणि तो आनंद मावळला.

पहिली गोष्ट. आर्तध्यान कोणाला होतं, हे तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे. अविरत म्हणजे ज्यांनी व्रत घेतलेलं नाही त्यांना, देशविरत म्हणजे आपल्यासारख्या श्रावक-श्राविकांना, आणि प्रमत्तसंयत म्हणजे सहाव्या गुणस्थानावरच्या मुनींनाही. निदान हा एक प्रकार सोडला तर बाकीचे तीन, इष्टवियोग, अनिष्टसंयोग आणि वेदना, यांचं आर्तध्यान दीक्षा घेतलेल्यालाही होऊ शकतं. जे मुनींना चुकलेलं नाही ते आठ महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला चुकावं, ही अपेक्षा सूत्रकारांची नाही; ती माझी होती. गुणस्थानाची ती मांडणी म्हणजे आपण कुठवर आलो हे आपलं आपण बघण्याची पट्टी आहे, दुसऱ्याच्या हातावर मारायची नाही.

दुसरी गोष्ट. पूज्यपादांनी स्वतःच एक शंका काढली आहे. स्वतःला दुःख देणं हे असातेचं कारण असेल, तर मग केशलोच, उपवास, उन्हात उभं राहणं हे सगळं पाप ठरेल की नाही? उत्तर देताना ते वैद्याचा दाखला देतात. वैद्य दयेनं गळू कापतो. रोग्याला दुखतं, पण एवढ्यावरून वैद्याला पाप लागत नाही, कारण त्याच्या मनात क्रोध नाही, संक्लेश नाही. म्हणजे बाहेर काय दिसतं यावर हिशोब होत नाही. आतला परिणाम काय, यावर होतो. मी बी.कॉम.ला जमाखर्च शिकले. तिथे पावती बघून नोंद करता येते. इथे पावती आतल्या खिशात असते आणि ती फक्त त्या जीवालाच वाचता येते. भाभी गळू फोडत होत्या की खपली खाजवत होत्या, हे बाहेरून बघून सांगणारी मी कोण?

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त लागली. सूत्रात ‘स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांना’ असं आहे. दुसऱ्याच्या मनात ताप उत्पन्न करणं हेसुद्धा असातेचंच कारण. आणि ताप म्हणजे काय, तर बोल लावल्यामुळे मनाला होणारी जळजळ. भाभींच्या खात्यावर मी परिदेवन लिहायला निघाले होते. माझ्या खात्यावर त्याच क्षणी ताप नावे पडला होता.

सम्यक्त्वाची पाच लक्षणं आपण मुलांना पाठशाळेत शिकवतो : शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा, आस्था. अनुकंपेतला ‘कंप’ म्हणजे थरथरणं. दुसऱ्याला कापताना बघून आपणही कापणं ती अनुकंपा. त्या दिवशी स्थानकात हजर असायला हवी होती ती ही. परिदेवन ओळखण्याचं काम रडणारीचं. अनुकंपेचं काम ऐकणारीचं. कामांची अदलाबदल झाली की शास्त्रातला चांगला शब्द तोंड दाबायचं फडकं होतो.

आपल्या कथांत तरी रडण्याला बंदी कुठे आहे? चंदनबाला आठवा. भगवान महावीरांचा अभिग्रह पाच महिने पंचवीस दिवस फळत नव्हता. राजकन्या दासी झालेली, मुंडण केलेलं, पायात बेड्या, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, सुपात उडदाचे बाकळे, सगळं जुळलं. पण डोळ्यांत आसवं नव्हती म्हणून प्रभू परत फिरले. प्रभू फिरले हे बघून चंदनेचे डोळे भरले आणि तेव्हा आहार घेतला गेला. आसवं ही त्या अभिग्रहातली शेवटची अट होती. मरुदेवी माता ऋषभदेवांसाठी रडून रडून दृष्टी गमावून बसल्या आणि त्याच मातेला हत्तीवर बसल्या बसल्या केवलज्ञान झालं. गौतमस्वामींना प्रभूंच्या निर्वाणाची वार्ता समजली तेव्हा त्यांनी विलाप केला, ‘मलाच का दूर पाठवलंत’ इथपर्यंत बोलले. त्या रडण्यातूनच त्यांना आपला राग म्हणजे आसक्ती दिसली आणि पहाटे केवलज्ञान प्रगटलं. विचार करा, गौतमस्वामी विलाप करत असताना शेजारी माझ्यासारखी कोणी बसली असती आणि म्हणाली असती, “हे आर्तध्यान झालं,” तर?

मग हा शब्द आपल्या बायकांत एवढा धारदार कसा झाला? मला वाटतं याला आपल्या समाजाचा अलीकडचा इतिहास कारण आहे. जुन्या काळी कोणी गेलं की मोकाण असायची. पदर ओढून बायका यायच्या, हेल काढून रडायच्या, छाती बडवायच्या. त्यात खरं किती आणि रीत किती, हे सगळ्यांना माहीत होतं. रडायचा आवाज कमी पडला तरी बोलणी बसायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकलेल्या जैन मंडळींनी आणि साधु-संतांनी ‘रोना-कूटना बंद करा’ असा आग्रह धरला. ते योग्यच होतं. दाखवायचं रडणं गेलं, उठावणा सुटसुटीत झाला, नवकार मंत्र आला. पण दाखवायच्या रडण्याबरोबर रडायची जागाही गेली. पूर्वी निदान बारा दिवस कोणी ‘का रडतेस’ विचारत नव्हतं. आता तिसऱ्या दिवशी उठावणा होतो आणि चौथ्या दिवसापासून ‘कर्माचा उदय, सांभाळ स्वतःला’ सुरू होतं.

आणखी एका शब्दाबद्दल सांगायचं आहे : उदास. ‘उद्’ म्हणजे वर, ‘आस्’ म्हणजे बसणं. उदासीन म्हणजे वर, बाजूला बसलेला, तटस्थ. आपल्याकडे तो मानाचा शब्द आहे. धर्मद्रव्य जीवाला चालवत नाही, फक्त चालण्याला साहाय्य होतं, म्हणून त्याला उदासीन निमित्त म्हणतात; मासा पोहतो, पाणी ढकलत नाही, तसं. घरातून मन काढून घेतलेल्या श्रावकांसाठी दिगंबर समाजात उदासीन आश्रम निघाले. आणि रोजच्या मराठीत? “आज चेहरा उदास का?” म्हणजे दुःखी का. ‘निर्वेद’चंही तसंच. आपल्याकडे ते सम्यक्त्वाचं लक्षण. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांत पहिला निर्वेद, तिथे दारिद्र्य, अपमान, वियोग यांनी आलेलं नैराश्य.

या दोन शब्दांमुळे घोटाळा होतो. घरात कोणी गप्प गप्प राहू लागलं, जेवण कमी झालं, कशात मन नाही, की आपण कौतुकानं म्हणतो, “त्यांचं आता संसारातून मन निघालं, वैराग्य आलं.” पण उदासीन असणं आणि उदास असणं यांत फरक आहे. वैराग्य आलेला माणूस हलका होतो. त्याची झोप उडत नाही, त्याला जगणं नकोसं होत नाही. अठरा पापस्थानांत आपण रति-अरति म्हणतो, त्यातली अरति म्हणजे कशातच मन न रमणं. नऊ नोकषायांत अरति वेगळी आणि शोकही वेगळा. आचार्यांनी हे वेगळं मोजून ठेवलं, कारण उपायही वेगळे आहेत. अरति महिनोन्‌महिने हटत नसेल तर प्रवचनाबरोबर डॉक्टरांकडेही न्यावं. पूज्यपादांनी वैद्याचाच दाखला दिला आहे, त्यात कमीपणा काही नाही.

श्रावण संपता संपता मी दौंडला जायचं ठरवलं. शिरूरहून न्हावरा, मग भीमा ओलांडून चौफुला, म्हणजे केडगाव वाटेतच. केडगाव आलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं. त्यांचा धर्म वेगळा, मार्ग वेगळा. पण आज जो विषय आहे त्यासाठी त्यांचं आयुष्य बघण्यासारखं आहे आणि ते आपल्या दौंड तालुक्यातलं आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ मध्ये नवरा गेला. तेव्हा वय पुरतं चोवीसही नव्हतं आणि मुलगी मनोरमा एक वर्षाचीही झालेली नव्हती. त्या काळात अशा बाईसाठी मराठीत शब्दांची कमतरता नव्हती : अभागी, करंटी, पांढऱ्या पायाची. कीव करणाऱ्यांचे आणि हिणवणाऱ्यांचे शब्द एकच होते. रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून पुस्तक लिहिलं. त्यात जन्मापासून वैधव्यापर्यंत हिंदू स्त्रीच्या वाट्याला काय येतं ते क्रमानं मांडलं आणि शाळेसाठी मदत मागितली. त्या पैशांतून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पुण्यातल्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशीच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली-बायका आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना आसरा दिला. तिथे त्या विणकाम, शेती, शिक्षण आणि छपाईही शिकल्या.

दुःख त्यांनी लपवलं नाही, सांगितलं. पण सांगताना ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ ठेवलं आणि ऐकणाऱ्याकडे ‘मला बिचारी म्हणा’ असं न मागता विहीर, शाळा, छापखाना मागितला. आपल्याकडेही सेठ माणिकचंद हिराचंद जवेरी यांच्या कन्या मगनबाई तरुणपणी विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं, आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा करून कितीतरी विधवांना शिक्षण दिलं. मला यातून एवढंच दिसतं की दुःखाला बोलायला जागा मिळाली तर ते पुढे कुठेतरी जातं. जागा मिळाली नाही तर ‘साता आहे’ म्हणून दाराला कडी लावून बसतं.

भाभींच्या घरी पोहोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. मी आधीच सांगून टाकलं, “भाभी, त्या दिवशी मी चुकले. तुमचं ऐकायचं सोडून तुम्हाला शास्त्र शिकवलं.” भाभी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुझं खरंच होतं गं. पण मला तेव्हा खरं नको होतं.”

चहा झाला. मग त्यांनी उशाजवळची ती किल्ली आणली. दुकान कधी घेतलं, पहिल्या दिवशी गल्ला किती झाला, भाई उधारीची वही कशी लिहायचे आणि दुष्काळाच्या वर्षी त्यातली कितीतरी नावं कशी खोडून टाकली, असं त्या दीड-दोन तास सांगत होत्या. मधेच रडल्या, मधेच हसल्या. मी एकदाच बोलले; पंखा जरा कमी करू का, एवढंच विचारलं. ते शोक होता, आक्रंदन होतं की परिदेवन, हे मी मोजलं नाही. निघताना त्यांनी माझ्या हातात खाकऱ्याचा डबा दिला आणि म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात ये. अजून पुष्कळ सांगायचं आहे.”

‘मिच्छामि दुक्कडं’मधलं दुक्कड म्हणजे दुष्कृत, आपल्या हातून झालेलं वाईट काम. ‘माझ्या वाट्याला काय आलं’ याचा हिशोब त्यात नाही. ‘माझ्याकडून काय गेलं’ एवढाच आहे. यंदा संवत्सरीला मेसेज पाठवायच्या आधी तुमच्याही यादीत अशी एखादी भाभी, काकी, नणंद आहे का ते बघा. असेल तर फोन करा, जमलं तर जाऊन या, आणि शास्त्रातले शब्द स्वतःसाठी राखून ठेवा.

माझ्या लिहिण्यात जिनवाणीच्या विरुद्ध काही आलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मन-वचन-कायेनं मिच्छामि दुक्कडं.